‘अराइव्हमेंट’ आणि ‘ऑनेस्टनेस’ : नववीतल्या एका मुलीच्या नामांचं प्रकरण

साखळीजवळच्या एका गावातली ही मुलगी नववीत आहे. घरात कोंकणी बोलतात आणि मराठी वाचतात. वडिलांना सकाळी मराठी वर्तमानपत्र लागतं, देवळातलं भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. चौथीपर्यंत ती मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत. १९९० साली गोव्यात प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान मराठी आणि कोंकणी माध्यमांपुरतं ठेवलं गेलं, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ मुलांची वाट हीच. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची दारं उघडली, तरी डिचोली-सत्तरीच्या बाजूला मराठी शाळेतून येणारी मुलं अजून भेटतात. ही त्यांतलीच एक. संध्याकाळी ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते.

शाळेतल्या चाचणीत काही क्रियापदं आणि विशेषणं दिली होती, त्यांची नामं लिहायची होती. तिची उत्तरं अशी : ‘अराइव्ह’चं ‘अराइव्हमेंट’, ‘रिफ्यूज’चं ‘रिफ्यूजमेंट’, ‘डिसाइड’चं ‘डिसाइडमेंट’, ‘एक्स्प्लेन’चं ‘एक्स्प्लेनमेंट’, ‘फेल’चं ‘फेलमेंट’. विशेषणांत ‘ऑनेस्ट’चं ‘ऑनेस्टनेस’, ‘स्ट्राँग’चं ‘स्ट्राँगनेस’, ‘लाँग’चं ‘लाँगनेस’, ‘पुअर’चं ‘पुअरनेस’, ‘एबल’चं ‘एबलनेस’. ‘पेमेंट’, ‘काइंडनेस’ आणि ‘डार्कनेस’ तेवढे बरोबर आले. बाकी सगळ्यावर लाल फुल्या, आणि खाली शेरा : यादी पाठ करणे. वडील पेपर घेऊनच आले. “टीचर, हिचं इंग्लिश कच्चं. घोकायला सांगा जरा.”

मला तो पेपर वाचून आनंद झाला. तो आनंद का, हे सांगण्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

फुल्यांखालची शिस्त

त्या उत्तरांकडे पुन्हा बघा. एकाही क्रियापदाला ‘नेस’ लागलेलं नाही. एकाही विशेषणाला ‘मेंट’ लागलेलं नाही. ‘डिसाइडनेस’ नाही, ‘स्ट्राँगमेंट’ नाही. मूळ शब्द कोणत्या जातीचा हे तिने प्रत्येक वेळी अचूक ओळखलं आणि त्या जातीला चालणारा प्रत्यय लावला. हा भेद तिला शाळेत कुणी इंग्रजीतून सांगितला नव्हता. तिने तो मराठीच्या व्याकरणातून आणला होता, आणि मी विचारल्यावर तिला तो सांगताही आला : क्रियापदाच्या धातूला लागतो तो कृत् प्रत्यय, नाम-विशेषणाला लागतो तो तद्धित. ‘पेर’पासून पेरणी, ‘लढ’पासून लढाई, ‘सजव’पासून सजावट हे कृदन्त, ‘मोठा’पासून मोठेपणा, ‘गरीब’पासून गरिबी, ‘सुंदर’पासून सौंदर्य हे तद्धित. आठवी-नववीच्या मराठीत भाववाचक नामांचा धडा असतोच. दोन विषयांच्या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत एवढीच अडचण होती.

न ऐकलेल्या शब्दालाही मूल नियम लावतं, हे १९५८ साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांना बनावट शब्द देऊन दाखवलं होतं. पाठांतरातून चूक झाली तर ती कशीही होते, आठवेल तिकडे जाते. नियमातून झालेली चूक ओळीत उभी राहते. या मुलीच्या चुका ओळीत उभ्या होत्या. म्हणजे काम तिला नियम शिकवण्याचं नव्हतं. तिच्याजवळच्या दोन नियमांच्या पलीकडे आणखी काय आहे ते दाखवायचं होतं. यादी पाठ करायला लावली असती तर हातातली शिस्तही मोडली असती, याची मला खात्री आहे.

मोकळेपणा आणि मुक्ती

पहिला प्रश्न तिचाच होता. प्रत्यय दोन पुरले असते, मग इंग्रजीत एवढे का?

कारण इंग्रजी शब्दसंग्रह थरांनी बनलेला आहे. खालचा थर जुन्या इंग्रजीचा, जर्मन भाषेच्या कुळातला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर काही शतकं दरबार, कोर्ट आणि जमीनदारी फ्रेंचमध्ये चालली, आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द उचलले. प्रत्येक थर आपले प्रत्यय बरोबर घेऊन आला. ‘नेस’, ‘थ’, ‘डम’ हे घरचे. ‘मेंट’, ‘अल’, ‘अन्स’, ‘इटी’, ‘शन’ हे फ्रेंच-लॅटिनचे.

मराठीच्या मुलाला हे समजावायला वेळ लागू नये, कारण मराठी अगदी अशीच थरांची भाषा आहे. ‘पणा’ हा घरचा प्रत्यय, जवळपास कशालाही लागतो. ‘ता’ आणि ‘य’ संस्कृत शब्दांना शोभतात : नम्रता, शूरता, शौर्य, धैर्य. ‘गिरी’ फारसीतून आली : गुलामगिरी, मुलूखगिरी. ‘मोठा’चं ‘मोठता’ कुणी करत नाही, तसं ‘काइंड’चं ‘काइंडिटी’ होत नाही. ‘इटी’ला लॅटिन वळणाचा शब्द लागतो : ‘एबल’चं ‘अबिलिटी’, ‘पॉसिबल’चं ‘पॉसिबिलिटी’, ‘रिअल’चं ‘रिअ‍ॅलिटी’. ‘नेस’ मात्र ‘पणा’सारखा उदार आहे. ‘पोलाइट’ हा शब्द लॅटिन मुळाचा, तरी त्याचं ‘पोलाइटनेस’ होतं.

गोव्यात १९ डिसेंबरला सुट्टी असते. आपण त्याला मुक्तिदिन म्हणतो, इंग्रजीत ‘लिबरेशन डे’. ‘लिबरेट’ या क्रियापदाचं नाम ‘लिबरेशन’, म्हणजे मुक्त करण्याची क्रिया. ‘लिबर्टी’ ही मुक्त असण्याची अवस्था. आणि ‘फ्री’ या घरच्या विशेषणाचं घरचंच नाम ‘फ्रीडम’. तिने ताबडतोब मराठीची जोडी दिली : मुक्त-मुक्ती, मोकळा-मोकळेपणा. एकाच अर्थाच्या आसपास दोन थरांचे दोन शब्द, आणि प्रत्येकाला आपल्या थराचा प्रत्यय. त्या संध्याकाळी पुढे आणखी काही शिकवायची गरज पडली नाही.

थर कडक भिंतींनी वेगळे झालेले नसतात, हेही तिला सांगावं लागलं. ‘गरीब’ अरबीतून आलेला आणि ‘श्रीमंत’ संस्कृत वळणाचा, तरी गरिबी आणि श्रीमंती यांचा शेवट एकच. इंग्रजीत ‘विथड्रॉ’ हे क्रियापद पूर्ण घरचं आहे, तरी त्याचं नाम होताना फ्रेंच ‘अल’ लागला : ‘विथड्रॉवल’. बँकेच्या स्लिपवर हा शब्द तिने पाहिला होता.

‘ऑनेस्टनेस’ का अडतो

‘ऑनेस्ट’ला ‘नेस’ लावायला नियमाची आडकाठी नाही. अडतो तो दुसऱ्या कारणाने. ‘ऑनेस्टी’ हा शब्द आधीच गादीवर बसलेला आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मार्क अ‍ॅरोनॉफ यांनी १९७६ मध्ये या घटनेला ‘ब्लॉकिंग’ असं नाव दिलं : एखाद्या अर्थासाठी शब्द तयार असेल तर नियमाने होऊ शकणारा नवा शब्द अडवला जातो. पाणिनीच्या परंपरेत हा विचार फार जुना आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि जिथे अपवाद लागतो तिथे उत्सर्गाने बाजूला व्हायचं. ‘नेस’ हा उत्सर्ग. ‘ऑनेस्टी’, ‘पॉव्हर्टी’, ‘स्ट्रेंग्थ’, ‘अबिलिटी’ हे अपवाद.

हे कळल्यावर तिची भीती निम्मी झाली, असं मला तिच्या वागण्यावरून वाटलं. आधी तिला इंग्रजी शब्द मनाला येईल तसे वागतात असं वाटत होतं. आता ती विचारायला लागली : इथे आधीच कुणी बसलंय का? अनोळखी विशेषण आलं आणि तयार नाम ठाऊक नसलं तर ‘नेस’ लावणं हा इंग्रजीतला सगळ्यांत सुरक्षित अंदाज आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. चूक झाली तरी समजणाऱ्याला अर्थ कळतो.

क्रियापदांच्या बाबतीत ‘मेंट’ तेवढा भरवशाचा नाही. ‘अ‍ॅग्रीमेंट’, ‘मूव्हमेंट’, ‘ट्रीटमेंट’, ‘एन्जॉयमेंट’ असे पुष्कळ शब्द आहेत, पण नव्या क्रियापदाला तो सहसा लागत नाही. क्रियापदाला सर्वत्र लागणारा एकच प्रत्यय, ‘इंग’. तो मराठीच्या ‘णे’सारखा आहे, आणि त्याच्याविषयी पुढे बोलायचं आहे.

लांबाय, रुंदाय, उंचाय

कोंकणीत लांबाय, रुंदाय, उंचाय. मराठीत लांबी, रुंदी, उंची, खोली. मापाच्या विशेषणांची नामं एका साच्यातली असतात हे तिला दोन्ही भाषांतून माहीत होतं, फक्त त्याकडे तिने कधी बघितलं नव्हतं. इंग्रजीतही तसंच आहे : ‘लाँग’चं ‘लेंग्थ’, ‘वाइड’चं ‘विड्थ’, ‘डीप’चं ‘डेप्थ’, ‘ब्रॉड’चं ‘ब्रेड्थ’. ‘हाय’चं ‘हाइट’ झालं, तिथे शेवटचा ‘थ’ ‘ट’ झाला एवढंच. मापाबाहेरची काही मंडळीही याच साच्यात आहेत : ‘स्ट्राँग’चं ‘स्ट्रेंग्थ’, ‘ट्रू’चं ‘ट्रुथ’, ‘वॉर्म’चं ‘वॉर्म्थ’, ‘यंग’चं ‘यूथ’, आणि क्रियापदांतून ‘ग्रो’चं ‘ग्रोथ’. फसवा शब्द म्हणजे ‘थिक’. जाडी हे मापच, पण इंग्रजीत ते ‘थिकनेस’ आहे.

मग तिने विचारलं, ‘लाँग’मधला ‘ऑ’ गेला कुठे? उत्तर असं, की फार जुन्या काळी या प्रत्ययाच्या सुरुवातीला ‘इ’ होता. त्या ‘इ’ने मागच्या अक्षरातला स्वर आपल्याकडे ओढला, ‘लाँग’चा ‘लेंग’ झाला, ‘स्ट्राँग’चा ‘स्ट्रेंग’, आणि नंतर ‘इ’ स्वतः निघून गेला. ‘फाउल’ आणि ‘फिल्थ’ यांचं नातंही याच खुणेवरून लागतं. प्रत्यय लागताना मुळातला स्वर बदलणं मराठीच्या मुलांना नवं नाही. सुंदरचं सौंदर्य, उदारचं औदार्य, एकचं ऐक्य, मधुरचं माधुर्य होताना पहिला स्वर बदलतोच. कारणं दोन्हीकडे निरनिराळी आहेत, पण कानाला धक्का बसण्याचं कारण उरत नाही.

घरातच असलेली नामं

हा या प्रकरणाचा गाभा आहे असं मी मानते.

तिच्या वडिलांचा खनिजाचा ट्रक होता. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण रद्द केलं आणि त्याच वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत त्याचा फटका घराघरांत बसला. या मुलीचं लहानपण त्याच बोलण्यात गेलं. मोठी माणसं काय बोलत होती? ‘लीज रिन्युअल’, ‘एन्व्हायर्नमेंट क्लिअरन्स’, ‘सस्पेन्शन’, ‘परमिशन’, ‘इन्शुरन्स’, ‘मेंटेनन्स’, ‘पेमेंट’, ‘कॉम्पेन्सेशन’, आणि २०२२ पासून ‘ऑक्शन’. आई आरोग्य केंद्रातून ‘ट्रीटमेंट’, ‘अपॉइंटमेंट’, ‘इंजेक्शन’ आणते. भावाचं कॉलेजात ‘अ‍ॅडमिशन’ झालं, त्याआधी ‘रजिस्ट्रेशन’. दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर कुणाला आणायला गेलं की दरवाजावर मोठ्या अक्षरांत ‘अरायव्हल्स’, दुसऱ्या बाजूला ‘डिपार्चर्स’.

म्हणजे जिने ‘अराइव्हमेंट’ लिहिलं तिने ‘अरायव्हल्स’ची पाटी वाचलेली होती. तिने कधी ती पाटी आणि प्रश्नपत्रिकेतला ‘अराइव्ह’ एकत्र आणले नव्हते.

मराठी आणि कोंकणी बोलणारी माणसं इंग्रजीतून नामं सहज घेतात आणि क्रिया आपली लावतात. ‘परमिशन दिली’, ‘अ‍ॅडमिशन घेतली’, ‘सिलेक्शन झालं’, ‘डिस्कशन केलं’. त्यामुळे आपल्या मुलांच्या कानावर नाम आधी पडतं आणि क्रियापद पुष्कळ उशिरा, तेही पाठ्यपुस्तकातून. शाळेची यादी मात्र उलट्या बाजूने चालते : डावीकडे क्रियापद, उजवीकडे नाम. माहीत नसलेल्यापासून निघून माहीत असलेल्याकडे जायला सांगणारी ही वाट मला पटत नाही. मी ती फिरवली. तिला सांगितलं, घरात, बसमध्ये, दुकानात, पेपरात कानावर पडणारी इंग्रजी नामं लिहून आण, आणि त्यांच्यातून क्रियापद बाहेर काढ.

उलट्या दिशेने जाणं हे इंग्रजीने स्वतःही केलेलं आहे. ‘एडिटर’ आधी होता, ‘एडिट’ त्यातून निघालं. ‘टेलिव्हिजन’मधून ‘टेलिव्हाइज’, ‘डोनेशन’मधून ‘डोनेट’. ‘डिफिकल्ट’ हे विशेषणसुद्धा ‘डिफिकल्टी’ या नामावरून तयार झालं.

वही भरू लागली तशी कुळं आपोआप जमली. ‘परमिशन’मधून ‘परमिट’ निघालं तेव्हा ती थबकली, कारण ट्रकचं परमिट हा तर बाबांच्या फाइलमधला कागद. तिथे आघाताचा प्रश्न आला : कागद असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, परवानगी देणं असेल तर दुसऱ्यावर. ‘एक्स्पोर्ट’, ‘रेकॉर्ड’, ‘ऑब्जेक्ट’ यांचंही तसंच. मग ‘अ‍ॅडमिशन’मधून ‘अ‍ॅडमिट’, ‘सबमिशन’मधून ‘सबमिट’. ‘मिट’ संपणाऱ्यांचं ‘मिशन’ होतं, हे तिने स्वतः लिहिलं. ‘सस्पेन्शन’मधून ‘सस्पेंड’, त्याशेजारी ‘एक्स्टेन्शन’-‘एक्स्टेंड’, ‘डिव्हिजन’-‘डिव्हाइड’, आणि तिथेच पेपरातलं ‘डिसाइड’ येऊन बसलं : ‘डिसिजन’. ‘डी’ने संपणाऱ्या क्रियापदांच्या नामात बहुधा ‘एस’ येतो. ‘अटेंड’चं ‘अटेन्शन’ आणि ‘इंटेंड’चं ‘इंटेन्शन’ मात्र ‘टी’ने लिहितात.

हे असं का, याचं उत्तर लॅटिनमध्ये आहे, आणि तिथून ते संस्कृतकडे वळतं. लॅटिन आणि संस्कृत या एका मूळ कुळातल्या भाषा. धातूपासून भाववाचक नाम करणारा ‘ति’ हा प्रत्यय दोघींना वारशात मिळाला. संस्कृतात मुच्-मुक्ती, बुध्-बुद्धी, दृश्-दृष्टी, गम्-गती. लॅटिनने त्याच ‘ति’ला पुढे ‘ऑन’ जोडला, आणि तो इंग्रजीत टी-आय-ओ-एन होऊन पोचला. स्थिती आणि ‘स्टेशन’ हे सख्खे शब्द आहेत : धातू एक, प्रत्यय एक. युक्ती आणि ‘जंक्शन’ हेही. मडगाव जंक्शनच्या पाटीत ‘युज्’ हा जोडण्याचा धातू बसलेला आहे. आता ‘दृश्’ला ‘ति’ लागताना मधले वर्ण जसे बदलतात तसेच लॅटिनमध्येही बदलत. ‘डी’ आणि ‘टी’ शेजारी आले की तिथे ‘एस’ होई. ‘डिसाइड’मधला ‘डी’ ‘डिसिजन’मध्ये ‘एस’ का झाला, ते हेच. संधीचा धडा शिकलेल्या मुलीला याहून जास्त समजवावं लागत नाही.

‘रिन्युअल’चं कुळही असंच जमलं. ‘रिन्यू-रिन्युअल’, ‘अप्रूव्ह-अप्रूव्हल’, ‘डिनाय-डिनायल’, ‘सर्व्हाइव्ह-सर्व्हायव्हल’, ‘रिमूव्ह-रिमूव्हल’, आणि मग ‘अराइव्ह-अरायव्हल’, ‘रिफ्यूज-रिफ्यूजल’. ही क्रियापदं मोठ्याने म्हणून बघितली तर प्रत्येकाचा जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. ‘अल’ची ही आवड आहे. ‘व्हिजिट’, ‘ऑफर’, ‘एंटर’ यांचा जोर पुढे आहे, त्यांना ‘अल’ लागत नाही. ‘बेरिअल’ हा जुना अपवाद तेवढा बाजूला ठेवायचा.

‘मेंटेनन्स’ने वेगळाच धडा दिला. क्रियापद ‘मेंटेन’, त्यात ए-आय. नाम लिहिताना ती तोच ए-आय ठेवत होती. नामात जोर पहिल्या अक्षरावर सरकतो, मधला स्वर दुबळा होतो आणि तिथे नुसता ‘ई’ उरतो. ‘एक्स्प्लेन’चं ‘एक्स्प्लनेशन’ होताना ए-आयमधला ‘आय’ गळतो. ‘प्रोनाउन्स’चं ‘प्रोनन्सिएशन’ होताना ‘ओ’ गळतो. भल्याभल्या शिक्षित माणसांकडून तिथे ‘प्रोनाउन्सिएशन’ ऐकू येतं.

‘मर्जर’ म्हणजे कोण

इतिहासाच्या तासाला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की केंद्रशासित राहायचा, हा प्रश्न, आणि इंग्रजी पुस्तकात शब्द ‘मर्जर’. तिला वाटलं ‘मर्जर’ म्हणजे विलीन करणारा माणूस, ‘टीचर’, ‘ड्रायव्हर’सारखा. विचार तर्काला धरूनच होता. पण हा ‘अर’ निराळा आहे. इंग्लंडच्या कोर्टांत वापरल्या गेलेल्या फ्रेंचमध्ये क्रियापदाचं मूळ रूपच नाम म्हणून चालायचं, आणि त्याच्या शेवटी ‘अर’ असायचा. ‘मर्जर’ म्हणजे विलीन होणं, ‘वेव्हर’ म्हणजे सोडून देणं, कर्जमाफी. भागाकारातला ‘रिमेंडर’ आणि जेवणातला ‘डिनर’ही याच घाटाचे. तिने ‘फेलमेंट’ लिहिलेला ‘फेल्युअर’सुद्धा आधी असाच होता. त्याचा शेवट नंतर ‘प्रेशर’, ‘डिपार्चर’ यांच्याकडे बघून बदलला.

नाम वाक्यात शिरतं तेव्हा

सुटे शब्द जमू लागले, तरी वाक्यं अडखळत होती. ‘द ब्रिज कोलॅप्स्ड सडनली’ हे वाक्य नाम वापरून लिहायचं होतं. विषय आमचाच, १९८६ च्या जुलैत कोसळलेला मांडवी पूल. तिने लिहिलं, ‘द सडनली कोलॅप्स ऑफ द ब्रिज’. ‘कोलॅप्स’ला प्रत्यय लागत नाही, क्रियापदाचं रूपच नाम होतं, जसं मराठीत खेळ, मार, लूट. ते तिने बरोबर ओळखलं. चुकलं ते ‘सडनली’.

याचंही मूळ मराठीत सापडलं. आपण म्हणतो, ‘पुलाचं अचानक कोसळणं’. ‘कोसळणं’ हे नाम झालं तरी त्याच्यात क्रियापदाचा जीव राहतो. ते क्रियाविशेषण तसंच सांभाळतं, कर्मही सांभाळतं : ‘पुस्तक भरभर वाचणं’. इंग्रजीत हा स्वभाव ‘इंग’वाल्या नामाचा आहे : ‘रीडिंग द बुक क्विकली’. पण ‘कोलॅप्स’, ‘डिसिजन’, ‘अरायव्हल’ ही पुरती नामं झालेली आहेत. त्यांना विशेषण लागतं, आणि कर्मासाठी ‘ऑफ’ लागतो : ‘द सडन कोलॅप्स ऑफ द ब्रिज’, ‘अ क्विक डिसिजन’. मराठीतही ‘वाचन’ हे नाम घेतलं की आपण ‘पुस्तकाचं जलद वाचन’ म्हणतो, ‘पुस्तक वाचन’ हा तर समास झाला. ‘वाचणं’ आणि ‘वाचन’ यांच्यात जो फरक आहे, तो ‘इंग’ आणि बाकीच्या प्रत्ययांतला फरक. शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकांत हा भेद ठळक सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं. नामं पाठ असूनही वाक्य का बिघडतं, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांसारख्या छोट्या शब्दांची. ‘डिस्कस’ला कर्म थेट लागतं, ‘डिस्कशन’ला मात्र ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ हवा. ‘एंटर’ थेट, ‘एंट्री’ला ‘इन्टू’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. आपल्याकडे ‘डिस्कस अबाउट’ इतकं सर्रास ऐकू येतं, त्याचं कारण माझ्या मते हेच, की ‘डिस्कशन’ आपल्या तोंडी आधी बसलेलं असतं आणि त्याचा ‘अबाउट’ आपण क्रियापदाला देऊन टाकतो. नाम आधी शिकण्याचा हा एक तोटा, आणि तो मुलांना उघड सांगून टाकलेला बरा.

जोडीच्या क्रियापदांत तिला फारसा त्रास झाला नाही. ‘निर्णय घेणे’वरून ती ‘टेक अ डिसिजन’ म्हणते. ब्रिटिश इंग्रजीत ते चालतं, ‘मेक’ अधिक रुळलेलं आहे. ‘लक्ष देणे’चं ‘गिव्ह अटेन्शन’ होत होतं, त्याचं ‘पे अटेन्शन’ केलं.

आजची स्थिती

पुढच्या चाचणीत तिची नामं बहुतेक बरोबर आली. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती एक चूक. ‘मॅच्युअर’चं नाम तिने आधी ‘मॅच्युअरनेस’ लिहिलं, मग खोडून ‘मॅच्युरिटी’ केलं, आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं : लॅटिन वाटतो. खोडाखोडीचे गुण गेले. वडिलांना मी ती खोडाखोड दाखवली आणि त्या दोन शब्दांत तिने काय विचार केला ते सांगितलं. त्यांनी पेपर घडी घालून खिशात ठेवला, आणि ट्रकच्या विम्याच्या कागदावरचा ‘रिन्युअल’ तिने मला म्हणून दाखवला होता, एवढंच म्हणाले.

अजून एक गोष्ट तिला जमत नाही : ‘अन्स’ लिहिताना ‘ए’ की ‘ई’. ‘अटेंडन्स’, ‘इन्शुरन्स’ ‘ए’ने, ‘डिफरन्स’, ‘एक्झिस्टन्स’ ‘ई’ने. कानाला दोन्ही सारखेच, आणि क्रियापदाकडे बघून काही कळत नाही. सध्या आम्ही एक उपाय करून बघतो आहोत. त्या नामापासून झालेलं विशेषण माहीत असेल तर ते मोठ्याने म्हणायचं. ‘डिफरेन्शिअल’, ‘एक्झिस्टेन्शिअल’, ‘इन्फ्लुएन्शिअल’ म्हणताना जोर त्याच अक्षरावर येतो आणि ‘ए’ची मात्रा स्वच्छ ऐकू येते, तेव्हा ‘ई’ लिहायचा. ‘सबस्टॅन्शिअल’, ‘सर्कम्स्टॅन्शिअल’ म्हणताना ‘अ‍ॅ’ ऐकू येतो, तेव्हा ‘ए’. सगळ्या शब्दांना असं विशेषण नसतं. उरलेल्यांसाठी तिने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आहेत, आणि ते भरायचं काम चालू आहे.